लारामीपेक्षा जवळ

हॉगन कुटुंबाची टपालपेटी तपकिरी आणि पिवळ्या रंगांत होती. डेल हॉगनने ती लग्नाच्या वर्षी रंगवली आणि रंग फिका पडला की तो तिच्यावर पुन्हा ब्रश फिरवायचा. हे वायोमिंगच्या विद्यापीठाचे रंग. राज्यात सरकारी विद्यापीठ एकच, लारामीचं. डेल तिथे शिकला, लोर्ना तिथेच शिकली आणि दोघांची पहिली भेट तिथल्या फुटबॉलच्या मैदानात झाली. त्यांची एकुलती एक मुलगी मारेन बारावीत गेली, तेव्हा ती कुठे शिकणार हा प्रश्न त्या घरात कुणालाच पडला नव्हता. एकट्या मारेनला पडला होता.

तिला हिमाचा अभ्यास करायचा होता. तो विषय पुरा शिकवणारं विद्यापीठ मोंटानात, बोझमनला होतं. तिथून होकार आला होता. उत्तर एक मेपर्यंत कळवायचं होतं.

"बोझमन आपल्याला लारामीपेक्षा जवळ आहे," ती जेवताना म्हणाली.

"जवळ कसं? ते मोंटानात आहे," डेल म्हणाला.

"डॅड, गाडीने चार तास. लारामीला सहा लागतात."

"पण मधे हद्द लागते."

"हद्दीवर नुसती एक पाटी आहे."

"आणि त्या पाटीपलीकडे आपल्या राज्याची शिष्यवृत्ती चालत नाही," लोर्ना म्हणाली. "लारामी जवळजवळ फुकटात पडतं. तिकडे तसं नाही."

शेजारच्या राज्यातली म्हणून मारेनला फीमध्ये सवलत मिळणार होती. उरलेल्यासाठी वसतिगृहाच्या भटारखान्यात काम करायची तिची तयारी होती. हे सगळं तिने आधीही सांगितलं होतं. पण आईशी हिशेबाने बोलून उपयोग नाही, हे तिच्या लक्षात आलं होतं. लोर्ना बोझमन म्हणत नसे, मोंटानाही म्हणत नसे. फक्त 'तिकडे' म्हणायची.

त्याचा अर्थ मारेनला नीट कळत होता, कारण तो त्या दोघींच्या कामातला होता. लोर्ना हिवाळ्यात दर महिन्याला डोंगरावर जाऊन बर्फ मोजायची. उन्हाळ्यात नद्यांना पाणी किती येणार, ते त्यावरून ठरतं. पोकळ नळी बर्फात थेट जमिनीपर्यंत खुपसायची, खोली वाचायची, मग आतल्या बर्फासकट नळी काट्याला लावून वजन घ्यायचं. एकजण आकडा ओरडतो. दुसरा तो मोठ्याने परत म्हणतो आणि मगच लिहितो. वाऱ्यात सातचे साठ ऐकू येतात, म्हणून ही पद्धत. परत म्हटला गेला नाही, तो आकडा धरायचा नाही. आठवीपासून आकडे ओरडायचं काम मारेनकडे होतं.

मार्चअखेरच्या मोजणीला दोघी स्कीवर निघाल्या. मोजणीची मोकळी जागा एका उघड्या उताराच्या पलीकडे होती आणि लोर्नाची वाट त्या उताराच्या पायथ्याने जायची. झाडी संपली तिथे मारेन थांबली.

"इथून नको, मॉम. मला खणून बघू दे."

"तीस वर्षं जातेय मी इथून."

"यंदासारखा हिवाळा किती वेळा बघितलास? नोव्हेंबरात जेमतेम पडलं, मग महिनाभर कोरडी थंडी. आणि आता वर हा एवढा ढीग."

"हिमस्खलनाचा दोन दिवसांचा कोर्स काय केला, पोरगी मला बर्फ शिकवायला लागली!"

"पाव तास दे. तोवर कॉफी पी."

लोर्नाने थर्मास काढला. मारेनने झाडांच्या आडोशाला, त्या उताराच्याच दिशेला तोंड असलेल्या एका छोट्या चढावर, जमिनीपर्यंत खड्डा खणला. वरचा बर्फ घट्ट होता, फावड्याने वडीसारखा कापला जात होता. तळाशी मात्र फावडं आपोआप आत गेलं. तिने मूठभर हिम उचलून आईच्या हातमोज्यावर ठेवलं. खडीसाखरेसारखे टोकदार, सुटे कण. ते एकमेकांना धरत नव्हते. मूठ वळली तरी गोळा होईना.

"जमिनीच्या उबेने वाफ वर येते आणि थंडीत असे कण वाढवते," मारेन म्हणाली. "वरचं सगळं ओझं यांच्यावर उभं आहे."

मग तिने बर्फाचा एक रुंद ठोकळा चारही बाजूंनी सुटा केला, त्याच्या एका टोकावर फावडं आडवं ठेवलं आणि वरून थापा मारायला लागली. आधी नुसत्या मनगटाने. काही झालं नाही. मग कोपरापासून. दुसऱ्याच थापेला आख्खा ठोकळा तळापासून सुटला आणि सरकून तिच्या मांडीवर आला.

लोर्नाने कॉफी बर्फात ओतून टाकली. "झाडीतून जाऊ," ती म्हणाली. "लांब पडेल. आणि वाटेत काही झालं नाही तर महिनाभर भांडी तू घासायचीस."

"कबूल."

झाडीतून जाताना लोर्ना प्रत्येक ओंडक्याला शिव्या देत होती. शेवटी त्या मोकळ्या जागेच्या कडेला, सपाटीवर पोचल्या. लोर्नाने पहिलं पाऊल टाकलं आणि पायाखाली धप्प असा आवाज झाला, जमीन एक श्वास खाली बसावी तसा. तिच्या स्कीपासून एक भेग निघाली आणि पांढऱ्यावरून सरसर धावत उतारावर चढली. क्षणभर सगळं जागच्या जागी होतं. मग दूरवरचा तो उतार आडवा फाटला, त्याच्या लाद्या झाल्या आणि सगळा ढीग गडगडत खाली आला. धुरळा बसला तेव्हा लोर्नाची नेहमीची वाट कुठे होती, तेही सांगता येत नव्हतं.

लोर्नाने टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"भांडी मी घासते," लोर्ना म्हणाली.

मारेन हसायला लागली. हसता हसता ती बर्फात बसली. लोर्नाने तिला दंडाला धरून उठवलं, पण दंड लगेच सोडला नाही.

मोजणी त्यांनी पूर्ण केली. मारेन ओरडायची, लोर्ना परत म्हणायची आणि लिहायची. नळी पुसताना लोर्नाने विचारलं, "तो तळाचा थर... असा किती दिवस राहील?"

"ठाऊक नाही."

"अंदाजे?"

"खरंच ठाऊक नाही, मॉम. तेच शिकायचंय मला. तिथे थंड खोल्या आहेत. असा थर मुद्दाम वाढवतात, मोडतात, पुन्हा वाढवतात. मला आज एवढंच सांगता आलं की जाऊ नको. उद्या जाता येईल का, ते सांगता यायला हवं."

लोर्नाने नळीचे तुकडे पिशवीत भरले. "माझ्याबरोबर आकडे ओरडायला कोण येणार?"

म्हणजे हे होतं तर. मारेनने मान वर केली.

"डॅडला आण."

"तो? आकड्याच्या आधी सँडविच मागेल."

"तू सँडविच परत म्हणू नकोस. मग ते धरलं जाणार नाही."

लोर्ना हसली आणि तिने पिशवी पाठीवर टाकली. पण एप्रिलभर तिने बोझमनचं नाव काढलं नाही. मारेनने मात्र मोजणीच्या त्याच आठवड्यात बोझमनला होकार कळवून टाकला आणि घरी तसं सांगितलं. डेल उठून बाहेर गेला आणि रंग ताजा असलेल्या टपालपेटीला पुन्हा रंग लावून आला.

एक मेला शाळेच्या व्यायामशाळेत बारावीची मुलं आपापल्या कॉलेजचे शर्ट घालून जमली. तिथली ही दरवर्षीची रीत. एकेकाने पुढे यायचं, नाव सांगायचं, कुठे चालला ते सांगायचं. लारामी, लारामी, लारामी. दर वेळी बाकांवरून आरोळी उठायची, तपकिरी-पिवळे पालक पाय आपटायचे.

मारेन बोझमनच्या निळ्या शर्टात पुढे आली.

"मारेन हॉगन," ती म्हणाली. "मोंटाना, बोझमन."

टाळ्या पडल्या, पण चुकार. मागून कुणीतरी लांबलचक "ऊऽऽ" केलं. तेवढ्यात सगळ्यात वरच्या बाकावर लोर्ना उभी राहिली, अंगात आपला जुना तपकिरी शर्ट. डोंगरावर, वाऱ्यात ओरडतात तशा आवाजात ती ओरडली,

"मोंटाना, बोझमन!"

छताखालच्या पत्र्यांतून तो आवाज फिरून आला. मारेनने दोन्ही हात वर केले. शेजारी बसलेला डेल गडबडून बायकोकडे बघायला लागला, मग उठला. त्याला पद्धत माहीत नव्हती, म्हणून त्याने तेच आणखी मोठ्याने म्हटलं.