बेद्रिखरावांचा गुरुवारचा धडा

बेद्रिख हान्झलीक सोमवारी सकाळी वारले. वय चौऱ्याहत्तर, कारण हृदय, अंत्यविधी शुक्रवारी. हे सगळं ठरलं, काळ्या चौकटीत छापलं गेलं, ट्राम थांब्याजवळच्या काचेच्या फळ्यावर लागलंसुद्धा. पण गुरुवारी चार वाजता त्यांचा इंग्रजीचा धडा होता आणि तो व्यवस्थित पार पडला. तेव्हा ते वारलेच नाहीत असं समजून पुढे जाऊ. त्या घरानंही तेच केलं.

शिकवणारा होता गेथिन. वेल्समधल्या एका पोलादाच्या गावातून तो चेक देशातल्या ओलोमोउत्सला एक वर्षासाठी आला, त्याला आता सात वर्षं झाली होती. दर सप्टेंबरात नवे इंग्रजी शिक्षक यायचे, कारंजी पाहून वेडे व्हायचे, आता इथेच म्हातारे होणार म्हणायचे आणि जूनमध्ये निघून जायचे. त्यांच्या निरोपाच्या जेवणाला सूप गेथिन करायचा. निरोपाचं सूप त्याला इतकं छान जमायला लागलं होतं की जाणाऱ्यांना रडू यायचं ते सुपामुळे की जाण्यामुळे, हे कळेनासं झालं. चौथ्या वर्षापासून त्यानं नवीन लोकांची आडनावं लक्षात ठेवणं सोडून दिलं. चेक भाषा त्याला समजायची बऱ्यापैकी, पण न अडखळता बोलता यायची ती पाव विकत घेण्यापुरती आणि ट्राममध्ये माफी मागण्यापुरती.

बेद्रिखराव निवृत्त ट्रामचालक. इंग्रजी शिकायचं त्यांचं कारण एकच होतं. भांडण.

नगरभवनाच्या घड्याळावर इतर शहरांत संत असतात, इथे कामगारांचे पुतळे आहेत. जुन्या साम्यवादी राजवटीनं बसवलेले. बारा वाजले की ते गोलगोल फिरतात आणि खाली उभे असलेले पर्यटक पोट धरून हसतात. बेद्रिखराव स्वतः त्या घड्याळाला जन्मभर हसत आले होते.

"पण हसायचा हक्क आमचा आहे, मास्तर," ते म्हणायचे. "आम्ही त्या राजवटीत चाळीस वर्षं काढली. हे कोण, काल बसमधून उतरलेले?"

"मग सांगा ना त्यांना चेकमध्ये."

"चेकमध्ये ओरडलो की ते माझा फोटो काढतात. इंग्रजीत सांगायचंय. एकही चूक न करता. कधी होणार मी तयार?"

"गृहपाठ केलात की."

"म्हणजे झालंच कल्याण," आतून त्यांच्या पत्नी क्वेताबाई म्हणायच्या. "या माणसानं लग्नाआधी जेवढा अभ्यास केला तेवढाच."

त्या घरात शिरताना, तिथल्या कुठल्याही घरात शिरतात तसे, बूट दाराशी काढायचे आणि टोपलीतल्या पाहुण्यांसाठीच्या सपाता घालायच्या. गेथिनच्या पायाला त्यातली हिरव्या चौकड्यांची जोडी बसायची. अंगठ्याशी भोक पडलं तेव्हा क्वेताबाईंनी ते लाल लोकरीनं शिवलं आणि तेव्हापासून ती जोडी दुसऱ्या कुणाला द्यायचं बंद केलं. एकदा डॉक्टर आले होते, त्यांनाही दिली नाही. डॉक्टर मोज्यांवर फिरले. या सगळ्या शहरात गेथिनच्या नावाचं एवढंच काय ते होतं.

तर त्या गुरुवारी फेब्रुवारीतला वारा सुटला होता. ट्राम थांब्यावर उतरून गेथिननं नेहमीप्रमाणे काचेच्या फळ्यात बघून केस बसवले. त्या फळ्यावर मेलेल्यांची नावं लागतात, हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक असतं. गेथिन सात वर्षं त्याला आरसा समजत होता. हान्झलीक हे आडनाव काचेतल्या त्याच्या कपाळावरून आडवं गेलं होतं. त्यानं त्यावरचे केस सारखे केले आणि जिना चढला.

क्वेताबाईंनी दार उघडलं. काळा पोशाख, डोळे लाल. घरात त्वारूश्कीचा, म्हणजे त्या भागातल्या घाण वासाच्या चीजचा, दरवळ होता. लाल डोळ्यांचा दोष त्यानं चीजला दिला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात."

"गुरुवार आहे ना."

त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग टोपलीला हात न लावता कपाटातून तपकिरी चामड्याची जोडी काढली आणि त्याच्या पायाशी ठेवली. बेद्रिखरावांची. हिरव्या सपाता धुवायला टाकल्या असतील, असं गेथिनला वाटलं.

"बेद्रिखराव कुठे?"

क्वेताबाईंनी नुसतं वर बोट दाखवलं.

वर माळा होता. माळ्यावर बेद्रिखरावांची कबुतरं होती.

"असू दे," गेथिन म्हणाला. "मी थांबतो."

"थांबाल?"

"थांबेन की. ते आल्याशिवाय कसा जाणार?"

क्वेताबाई खुर्चीत बसल्या आणि पदराच्या जागी जो एप्रन होता त्यात तोंड लपवलं. गेथिननं घड्याळ पाहिलं, मान वर केली आणि छताकडे बघून मोठ्यानं विचारलं, "बेद्रिखराव! सुरू करू का?"

वरून कबुतरांचा आवाज आला.

"करा," क्वेताबाई एप्रनमधून म्हणाल्या. "त्याला ऐकू जाईल."

मग गेथिननं, छताला ऐकू जावं म्हणून जरा आवाज चढवून, हॉटेलात खोली मिळत नसल्याची तक्रार कशी करायची तो धडा वाचला. मधेमधे उत्तरासाठी थांबला. रिकाम्या खुर्चीसमोर चीजची बशी ठेवली होती. तास संपला, आणि विद्यार्थी आजही तयारी न करता आला, किंबहुना आलाच नाही, असं मनाशी म्हणत तो उठला.

बाहेर जिन्यात शेजारच्या झ्देन्काबाई उभ्या होत्या. भिंत पातळ होती.

"मास्तर, मी तुमच्याबद्दल वाईट बोलले असेन," त्या म्हणाल्या. "परदेशी आहे, बूट नीट पुसत नाही, असं बोललेही. पण मेलेल्या माणसाला शिकवायला येणारा मी दुसरा पाहिला नाही."

गेथिन हसला. मग थांबला. मग जिने उतरून थेट फळ्याशी गेला. या वेळी त्यानं स्वतःच्या चेहऱ्यातून आरपार पाहिलं. काळी चौकट, बेद्रिख हान्झलीक, शुक्रवार. बर्फ पायाला लागायला लागलं तेव्हा त्यानं खाली बघितलं. त्याच्या पायांत अजून त्या तपकिरी सपाता होत्या. ट्रामची वाट पाहणारी माणसं काही बोलली नाहीत. त्या फळ्यासमोर कोण कसं उभं राहतं याबद्दल तिथे कुणी बोलत नाही.

तो परत वर गेला. क्वेताबाई दारात त्याचे बूट घेऊन उभ्या होत्या.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. हे चेक वाक्य ट्राममध्ये माफी मागता मागता तो शिकला होता.

क्वेताबाईंना समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांचा चेहरा आधी पडला, मग कुठेतरी ओठाचा कोपरा हलला. "कबुतरं वाटली होय तुम्हाला?"

"हो."

"बेद्रिख असता तर आठवडाभर हसला असता." त्यांनी बूट खाली ठेवले. "पुढच्या गुरुवारी?"

गेथिनला नाही म्हणायचं होतं. "चार वाजता," तो म्हणाला.

शुक्रवारी तो अंत्यविधीला जाऊन आला आणि गुरुवारी धड्याला. अंत्यविधीचा विषय कुणी काढला नाही. बेद्रिखराव उशीर करताहेत, असं ठरलं. खुर्ची रिकामी, बशीत चीज, क्वेताबाई शेजारी विणकाम घेऊन. सपाता पुन्हा हिरव्या.

"गृहपाठ नाही झालेला," गेथिन म्हणायचा.

"निर्लज्ज आहे तो," क्वेताबाई म्हणायच्या. "रागवा त्याला."

तो छताकडे बघून रागवायचा. कबुतरं गप्प बसायची. आणि हळूहळू विणकामाच्या सुया थांबून क्वेताबाईच ओठांतल्या ओठांत वाक्यं म्हणायला लागल्या.

एप्रिलमध्ये शाळेच्या संचालिका ब्लांकाबाईंनी त्याला बोलावलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांना फक्त वेळापत्रक दिसायचं.

"गेथिन, गुरुवारी चारला तू कुणाला शिकवतोस?"

"हान्झलीकना."

"ते फेब्रुवारीत गेले. मी फूल पाठवलं होतं."

"प्रगती चांगली आहे."

ब्लांकाबाईंनी चष्मा काढला. "पंपांच्या कारखान्याला तीच वेळ हवी आहे. पुढच्या आठवड्यापासून. आणि तुझा राहण्याचा परवाना शाळेच्या जिवंत विद्यार्थ्यांवर चालतो, हे विसरू नकोस."

क्वेताबाईंना सांगितलं तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"मी रविवारी येत जाईन," गेथिन म्हणाला.

"नको. रविवारी आलात तर ते भेटायला येणं होईल. विधवेला भेटायला. मग बेद्रिख मेलेलाच." त्यांनी सुया टोपलीत ठेवल्या. "उद्या बाराला घड्याळापाशी या. त्याचं काम राहिलंय."

दुसऱ्या दिवशी बाराला कामगार फिरायला लागले आणि पर्यटक हसायला लागले. क्वेताबाई काळा कोट घालून गर्दीच्या पुढे गेल्या, वळल्या, आणि इंग्रजीत, एकही चूक न करता म्हणाल्या, "कृपया हसू नका. हे आमचं आहे."

गर्दी शांत झाली. एका दांडग्या माणसानं टोपी काढली. मग त्यानं आपला मोबाइल गेथिनच्या हातात दिला, सगळी मंडळी क्वेताबाईंच्या भोवती गोळा झाली, आणि कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. त्या कबरीपाशी उभं राहावं तशा ताठ उभ्या राहिल्या. गेथिननं मोबाइल वर धरला आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "हसा."

वर कामगार फिरत होते. क्वेताबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा हसल्या. हक्क त्यांचाच होता.

दुपारी गेथिननं सात वर्षांत पहिल्यांदा चेकमध्ये एक अर्ज लिहिला. चुका क्वेताबाईंनी दुरुस्त केल्या.

"माननीय संचालिका यांस. विषय: गुरुवार, दुपारी चारची वेळ. वरील वेळेचे विद्यार्थी श्री. बेद्रिख हान्झलीक हे वैयक्तिक कारणास्तव काही काळ गैरहजर आहेत. त्यांचा गृहपाठ बाकी आहे, तथापि तोंडी परीक्षेत ते आज त्यांच्या प्रतिनिधीमार्फत उत्तीर्ण झाले आहेत. तरी त्यांची अनुपस्थिती तात्पुरती समजण्यात यावी, त्यांची वेळ पंपांच्या कारखान्यास अथवा अन्य कोणासही देण्यात येऊ नये, आणि ते स्वतः हजर होईपर्यंत धडा चालू ठेवण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."