बिनधुराचा खोकला

आशाबाईनं नवऱ्याच्या खाकी शर्टाचा खिसा उलटा केला आणि नाकाला लावला. डिझेल, घाम, खोबरेल तेल. बिडीचा वास नव्हता. मग कॉलर हुंगली, बाह्या हुंगल्या. आतल्या खोलीत कारभारी दुपारची झोप काढायला आडवा झाला होता, आणि आडवं होताच त्याचा तो घसा खरवडणारा कोरडा खोकला सुरू झाला होता.

तीन आठवडे हे चाललं होतं. थोरला दीर तोंडाच्या कॅन्सरनं गेला तेव्हा कारभाऱ्यानं बायकोच्या गळ्याची शपथ घेऊन बिडी सोडली होती. चार वर्षं पाळली. आता मात्र हा बाबा चोरून ओढतोय, याबद्दल तिला शंका उरली नव्हती. बजाजनगरच्या कामगारांच्या बसवर ड्रायव्हर. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात काय करतो, कुणी पाहिलंय? वास येत नाही म्हणजे तो जास्तच हुशार झालाय, एवढाच अर्थ तिनं लावला.

"अहो, दवाखान्यात चला."

"काय झालंय मला? धूळ हाय नुसती."

या उत्तरानं ती पेटलीच. चपला घातल्या आणि एकटीच डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बेडका नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही.

"बीपीची गोळी घेतात का?"

"नाय वो. खोकल्याचा अन् बीपीचा काय संबंध?"

"आहे ना. रक्तातून काही रसायनं निरोप घेऊन फिरतात. निरोप पोचला की चिठ्ठी फाडून टाकतो, तसं त्यातली बरीचशी फुफ्फुसं मोडून टाकतात. बीपीची एक गोळी आहे, तिच्यानं ते मोडायचं काम अडतं. मग एक रसायन साचतं आणि घसा खवखवतो. सगळ्यांना नाही होत. गोळी बदलली की जातो. पण तपासल्याशिवाय कसं सांगू?"

"त्यांना कुठलं बीपी! बीपी निघालं की ठेकेदार गाडीवरून उतरवतो. यांच्यासोबतच्या पुंजाराम ड्रायव्हरला उतरवलं की गेल्या साली. आता यांची पण तपासणी हाय पुढच्या महिन्यात, मग..."

बोलता बोलता आशाबाई थांबली.

घरी आली तेव्हा कारभारी घोरत होता. तिनं खुंटीवरची त्याची पिशवी उतरवली. या वेळी ती बिडी शोधत नव्हती. लायसनच्या प्लास्टिकच्या पाकिटात, लायसनच्या मागं, गोळ्यांची पट्टी होती. सहा घरं रिकामी. पट्टी जिथल्या तिथं ठेवून ती भिंतीला टेकून बसली. आधी हायसं वाटलं, मग भीती वाटली. या माणसाच्या मागं रोज चाळीस जण डुलक्या काढत बसतात.

खोकत खोकतच तो उठला. तिचा चेहरा पाहून दारातच थांबला.

"डॉक्टरबाईकडं गेले होते," ती म्हणाली.

कारभाऱ्यानं मान खाली घातली.

"ओढली बिडी. दोन-चारदा. चुकलं माझं."

आशाबाईला राग आला. न मोडलेली शपथ मोडली म्हणून सांगत होता.

"बिडी नाय ओढली तुम्ही," ती म्हणाली. "गोळी कधीपासून चालू हाय?"

त्यानं आधी पिशवीकडं पाहिलं.

"महिना झाला. क्रांती चौकातल्या डॉक्टरनं दिली."

"अन् मला सांगावं नाय वाटलं?"

"सांगितलं असतं तर तू गाडीवर चढू दिलं असतं?"

"नसतंच दिलं."

त्याला पुन्हा उबळ आली. तिनं तांब्या पुढं केला आणि तो पाणी पिऊन होईपर्यंत तिथंच उभी राहिली.

"आजची पाळी दुसऱ्याला द्या. डॉक्टरबाई बसल्यात अजून. गोळी बदलून देतील."

"ठेकेदार विचारल ना, आज का नाय आला. लई संशयी माणूस हाय. काय सांगू त्याला?"

आशाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"सांगा, बिडी ओढून खोकला झालाय. बायको दवाखान्यात नेतीय."