अम्मीसाठी घेतलेला थर्मास

मी थर्मास. झाकण जरा सैल केलंय, म्हणून माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय. एरवी मी तोंड घट्ट मिटून राहणारा. आतलं आत गरम ठेवायचं आणि बाहेर कुणाला चटका लागू द्यायचा नाही, हाच माझा जन्माचा धंदा.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. मला समज आली ती कुवेतमध्ये, रिग्गईतल्या एका भांड्यांच्या दुकानात, वरच्या फळीवर. अंगावर निळी फुलं, डोक्यावर कपाचं टोपण. रुबाब होता हो माझा. एका संध्याकाळी तिथे नूरजहाँ आली. सकाळचा चहा दुपारपर्यंत गरम राहील का, असं तिने दुकानदाराला विचारलं. तो शपथा घ्यायला लागला. तिचा शपथांवर भरवसा नव्हता. तिने त्याच्याकडून माझ्यात उकळतं पाणी भरून घेतलं, बाकीची खरेदी उरकून आली आणि माझ्यात बोट घातलं. ते पटकन बाहेर काढून म्हणाली, “द्या बांधून.”

मी तिच्या अम्मीसाठी होतो. अम्मी दाभोळ खाडीकाठच्या गावात राहायची. तिचा चहा रोज गार व्हायचा. कपात ओतला की दारावरून कुणीतरी जायचं, आणि त्याला हाक मारून आत बोलावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मग तोच कप पाहुण्यापुढे जायचा आणि तिच्या वाटणीचा चहा चुलीपाशी गार होत राहायचा. नूरजहाँने मला खजूर, दूध पावडर, साबण आणि बाम यांच्यासोबत खोक्यात भरलं, सुतळीने आवळलं आणि वर गावचा पत्ता लिहिला. आता समुद्रापार जायचं म्हणून मी खुशीत होतो.

पण खोकं निघायच्या आतच गावाहून फोन आला. अम्मी गेली होती.

खोकं पलंगाखाली सरकवलं गेलं आणि मी अंधारात पडून राहिलो. कुवेतच्याच महबूल्या भागातला तो दोन खोल्यांचा फ्लॅट मला मग कानांनीच कळत गेला. नूरजहाँचा नवरा गफूर कुवेत सिटीतल्या एका कंपनीत हिशेब बघतो. मुलगी तहरीम बारावीला आहे, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. आणि नूरजहाँ. तिची पावलं रात्रंदिवस घरभर ऐकू यायची. झोप उडाली होती तिची. फोन वाजला की छाती धडधडायची, हात गार पडायचे. शेवटी तिने फोनचा आवाज बंद केला आणि फोन तांदळाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. गावाहून तिची धाकटी बहीण हफिजा फोन करून थकायची. एकदा बिर्याणी करताना गफूरने डब्यात माप घातलं तर मापात फोन. “बासमती चार्जिंगला लावायचा का गो?” त्याने विचारलं. ती हसली नाही. तेव्हा तोही घाबरला.

त्याने तिला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठणठणीत निघालं. मग ते सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या म्हाताऱ्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, डॉक्टरने तिला तपासलं कमी आणि विचारलं जास्त. झोप कशी, भूक कशी, घरात अलीकडे काय झालं. मग त्याने मानसोपचारासाठी तहवील लिहून दिली. तहवील म्हणजे त्याने पुढच्या तज्ज्ञाकडे पाठवायची चिठ्ठी. ती असली की बराचसा खर्च सरकार सोसतं, आपल्याला थोडेच पैसे भरावे लागतात. सहा बैठका मंजूर झाल्या. सहाव्यानंतर उपयोग दिसला तरच पुढच्या मिळतील, असं त्याने सांगितलं.

घरी येऊन नूरजहाँ पलंगावर बसली, बरोबर माझ्या डोक्यावर.

“मी वेडी झालेय काय?” ती म्हणाली.

“वेडी असतीस तर एवढ्या लाइनीत शहाण्यासारखी उभी राहिली असतीस?” गफूर म्हणाला. “जा गो, बोलून ये. खासगी डॉक्टरांकडे विचारलं मी. त्यांचा भाव ऐकून मलाच उपचार लागायची पाळी आली.”

“मॉम, इट्स नॉर्मल,” तहरीम आतल्या खोलीतून म्हणाली. “माझ्या क्लासमधले अर्धे जातात.”

जायचं ठरलं. पहिल्या खेपेला चिठ्ठीवर शिक्का नाही म्हणून खिडकीवरून परत पाठवलं. कुवेतमध्ये शिक्क्याविना कागद म्हणजे मिठाविना कालवण. शिक्का घेऊन पुन्हा तारीख मिळाली, आणि त्या सकाळी नूरजहाँपुढे नवीनच अडचण आली. कुणाकडे पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? घरातला जुना थर्मास आतून फुटलेला. ती बराच वेळ पलंगाकडे बघत राहिली असावी, कारण पावलं थांबली होती. मग सुतळी कापल्याचा आवाज आला आणि माझ्यावर उजेड पडला. तिने मला धुतलं, पुसलं आणि वेलची घातलेला चहा भरला. माझ्या आयुष्यातला पहिला चहा, आणि तो निघाला दवाखान्याला!

तिथल्या मानसोपचाराच्या बाईंचं नाव राजश्री. मूळच्या उदगीरच्या. “बसा की, ताई,” म्हणाल्या, आणि मराठी ऐकून नूरजहाँ खुलली. पण खुलली ती यजमानीण म्हणून. बसायच्या आधीच तिने टेबल आपल्या रुमालाने पुसलं, मला मधोमध ठेवलं, चहा ओतला आणि विचारलं, “घरी कोण कोण असतं तुमच्या?”

काय सांगू तुम्हाला! पहिल्या बैठकीत राजश्रीबाईंच्या सासूचे गुडघे झाले. दुसऱ्या बैठकीला नूरजहाँ गुडघ्यांसाठी खोक्यातला बाम घेऊन गेली, सोबत नारळाच्या वड्या. तिसरीत त्यांच्या मुलाच्या शाळेची चौकशी झाली. बाई मधून मधून हळूच विचारायच्या, “आणि तुमची झोप?” की ही लगेच म्हणायची, “आणखी घ्या ना, गार होईल.” मी थर्मास असलो तरी मला मोजता येतं. सहातल्या तीन बैठका माझ्यातून कपात गेल्या आणि बाईंच्या घोटाघोटाने संपल्या.

घरी फोन तांदळातच होता. हफिजाने गफूरच्या फोनवर निरोप दिला होता की अम्मीचं वर्षाचं फातिहा, म्हणजे वर्षदिनाची दुआ, आहे, तिची खोली अजून तशीच आहे, तू आल्याशिवाय मी कपाट उघडणार नाही. नूरजहाँने ऐकून घेतलं आणि कांदे चिरायला बसली. पुढच्या बैठकीला जात नाही म्हणाली. “गप्पाच तर मारते तिथे. सरकारच्या पैशाने चहा पाजायचा, बरं दिसतं काय?”

गफूरने वाद घातला नाही. त्या दिवशी चहा त्याने केला, मला भरलं, तिच्या हातात दिलं आणि गाडी खाली उभी केली. साखर फारच जास्त झाली होती. पण ती गेली.

राजश्रीबाईंनी तिला बसवलं. तिचा हात माझ्याकडे आला, तोच त्यांनी मला अलगद आपल्या बाजूला ओढून घेतलं.

“ताई, माझ्या सासूबद्दल तुम्हाला सगळं कळलंय,” त्या हसत म्हणाल्या. “तुमच्याबद्दल मला एवढंच कळलंय की तुम्ही चहात वेलची घालता. आज तुम्ही पाहुण्या. चहा मी देते.”

“अगो नाही नाही, मी देते ना.”

“बसा की.”

त्यांनी माझं टोपण फिरवलं. नूरजहाँचा हात दोनदा पुढे आला, दोनदा मागे गेला. बाईंनी सावकाश ओतलं, कप तिच्यापुढे ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. काही विचारलं नाही. नूरजहाँने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“अम्मी गेली त्या दिवशी,” ती म्हणाली, “चहा मीच केला.”

बाई खुर्ची जरा पुढे ओढून बसल्या.

“इथलं घर भरलं होतं. फोन ठेवायच्या आधी माणसं यायला लागली. चांगली माणसं, रडत होती माझ्यासाठी. आणि मी आत गॅसपाशी. कुणाला साखर नको, कुणाला दूध कमी. सगळे म्हणाले, नूरजहाँ खंबीर आहे. मी एवढे कप धुतले, बाय. रडायचं राहूनच गेलं.”

मग ते राहिलेलं रडणं आलं. मी आतून भरलेला होतो, पण त्या दिवशी माझ्यातला चहा कुणी मागितला नाही. मला वाईट वाटलं नाही.

पुढच्या दोन बैठकांत नूरजहाँ बोलली. काय बोलली ते सांगणार नाही, तोंड मिटून ठेवणाऱ्यांपैकी आहे मी. तिला एकदम झोप आली, असंही नाही. पण फोन तांदळातून निघून फ्रीजवर आला, मग ओट्यावर. मिसरी डॉक्टरकडून पुढची तहवील तिने स्वतः मागून आणली, आणि शिक्का बघूनच खिडकीवरून हलली. घरी पाहुणे आले तेव्हा “आज चहा गफूर देतील” असं म्हणून ती सोफ्यावर बसली. गफूरने निम्मा बशीत सांडला. ती उठली नाही, नुसते पाय हलवत होती.

परवा संध्याकाळी फोन वाजला. हफिजा होती. नूरजहाँने छातीवर हात ठेवला, राजश्रीबाईंनी शिकवला होता तसा लांब श्वास घेतला आणि फोन उचलला. मग नूरजहाँ म्हणाली, “फातिहाला येते मी. कपाट मिळून उघडू.” पुढे म्हणाली, “आणि हे बघ, मी आले की चहा तू करायचा. मी बसणार.”

सध्या मी पुन्हा खोक्यात आहे, पण सुतळी अजून बांधलेली नाही. बुडाला एक पोचा आलाय, निळी फुलं थोडी पुसट झालीत. जिच्यासाठी मला घेतलं ती तिथे नाही, हे मला ठाऊक आहे. तरी गावच्या त्या अम्मीच्या ओट्यावर बसायची मला उत्सुकता आहे.

जायच्या आधी एक मागणं. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जे सगळ्यांना विचारत फिरतं, चहा घेणार का. आज त्या माणसाला खाली बसवा, कप पुढे ठेवा आणि कशी आहेस, कसा आहेस, एवढंच विचारा. “मी ठीक आहे” म्हणून ते उठायला बघेल. उठू देऊ नका. खरं उत्तर यायला वेळ लागतो. लागू दे. तोवर चहा गरम ठेवायचं काम माझं.