आधी बर्फ, मग मी

मी गरम पाण्याची पिशवी बोलतेय. लाल रबराची, दोन्ही अंगांना उभ्या रेघा, मानेला पेचाचं पांढरं बूच. या घरात आजवर माझं कोणी ऐकलेलं नाही. मला तोंड एकच आहे आणि त्यात कायम उकळतं पाणी ओतलेलं असतं.

जन्म कारखान्यातला. साच्यातून निघाल्यावर आमच्यात पाणी भरून दाबून पाहिलं. ज्या गळल्या त्या सुटल्या. मी गळले नाही. माझ्या खोक्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं आणि आत घडी घातलेला एक कागद होता: मला कधी वापरावं, कधी वापरू नये. महादेवरावांनी मला मोताळ्याच्या मेडिकलमधून घेतलं तो बाजाराचा दिवस होता, त्यामुळे वांग्यांच्या रिकाम्या क्रेटमध्ये बसून मी गावात आले. घरी आल्यावर महादेवरावांनी तो कागद न वाचता डुगडुगणाऱ्या बाजेच्या पायाखाली घातला. बाज तेव्हापासून डुगडुगत नाही.

महादेवराव या घराचे आबा. तरुणपणी कुस्त्या खेळायचे. एकदा आखाड्यात त्यांचा उजवा गुडघा पिरगळला. त्याच दिवशी वस्तादाने तो गरम विटेने शेकला, तेल लावून रगडला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा मातीत उतरवलं. ही गोष्ट ते फार अभिमानाने सांगतात. सांगताना त्या गुडघ्यावर मी असते.

या घरात दुखण्याचे प्रकार पुष्कळ आणि इलाज एक. दाढ दुखली, मला आणा. पोट दुखलं, मला आणा. वासराच्या पायाला दगड लागला तेव्हाही मला नेलं होतं. वासरू शहाणं, त्याने लाथ मारली.

आता प्रतीक्षाबद्दल. ही महादेवरावांची नात. बुलढाण्याला कॉलेज केलं आणि पोलीस भरतीच्या मागे लागली. मुलींना ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीत, आठशे मीटर धावावं लागतं. त्याची तयारी आबांनी स्वतःच्या देखरेखीखाली घेतली. त्यांची पद्धत सोपी होती: अंथरुणातून उठायचं, चहा प्यायचा आणि डांबरी रस्त्यावर सुटायचं. पायात चुलतभावाचे बूट, पुढे कापूस कोंबलेला.

"आबा, पळायच्या आंधी वार्मअप करा लागते," ती म्हणायची.

"वार्मअप गाडीले लागते. माणसाले नाई."

"आन दुखलं तं?"

"दुखलं तं अजून पयायचं. दुखणं थकून जाते."

मागच्या वर्षी एका पहाटे मागून ट्रक आला. ती रस्त्याच्या कडेला सरकली, डांबर संपून खाली खड्डा होता, बुटात पाय हलला आणि घोटा आत वळला. लंगडत घरी आली. आबांच्या गुडघ्यासाठी भरलेली मी चुलीजवळ तयारच होते.

"आबा, पिशवी नका लावू. कॉलेजच्या खेळाच्या मॅडमनं सांगतलं हाये, पह्यले दोन दिवस बर्फ. शेक नाई, चोळणं नाई."

"बर्फ?" महादेवराव म्हणाले. "बर्फ मेलेल्याले लावतेत. जित्या माणसाले शेक लागते."

मला घोट्यावर ठेवलं. ताज्या दुखापतीत आतून रक्त पाझरत असतं, सूज चढत असते. तिथे ऊब देणं म्हणजे पेटत्या गंजीला वारा घालणं. हे मला कळत होतं, कारण माझ्याखाली तो पाय फुगत होता. पण मी रबर. मी माझं काम चोख केलं.

मग शेजारच्या सोजराबाई आल्या. सोजराबाई पायाळू आहेत, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी बाहेर आले. यात त्यांनी स्वतः काय केलं ते मला अजून समजलेलं नाही, पण पायाळू माणसाचा पाय लागला की लचक उतरते असा पंचक्रोशीचा विश्वास आहे. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि सुजलेल्या घोट्यावर टाच ठेवून तीनदा दाबली. प्रतीक्षा ओरडली.

"पाह्य, उतरून राह्यली लचक," सोजराबाई म्हणाल्या. "ओरडली म्हंजे उतरली."

संध्याकाळपर्यंत घोटा शेतातल्या वांग्यासारखा झाला. रंगही तोच. दुसऱ्या दिवशी आबांनी तिला उठवून पळायला लावलं, म्हणजे पाय मोकळा होईल. चार दिवसांनी पुन्हा लावलं. पाय मोकळा झाला नाही. ग्राउंडची तारीख आली तेव्हा ती त्याच न डुगडुगणाऱ्या बाजेवर बसून होती. महादेवराव एवढंच म्हणाले, "नशीब." ते नशीब म्हणजे मी, त्या वेळी दोरीवर उलटी वाळत होते.

या वर्षी प्रतीक्षाने आबांना तयारीतून काढून टाकलं. तसं तिने तोंडावर सांगितलं. स्वतःच्या मापाचे बूट घेतले, डांबर सोडून शाळेच्या मैदानात धावू लागली. आधी चालायची, मग हलकं पळायची, घोटे फिरवायची, मांड्या मोकळ्या करायची आणि मगच जोर लावायची. अंग फारच बोललं तर एक दिवस सुट्टी घ्यायची. सोजराबाईंना हे बघून करमणूक व्हायची.

"काऊन वं, पयाले चालली का लग्नात नाचाले?"

"आजी, नाचाच्या आंधीबी हेच करतेत," प्रतीक्षा म्हणायची.

सगळं नीट चाललं होतं. मग क्रिकेटवाल्यांनी स्टंप उपटून नेले आणि भोकं तशीच ठेवली. ग्राउंडला महिना उरला असताना प्रतीक्षाचा तोच पाय त्यातल्या एका भोकात गेला. दोन मैत्रिणींनी तिला धरून घरी आणलं. बाज तीच. सोजराबाई टाच घेऊन आल्याच होत्या. महादेवरावांनी मला खुंटीवरून काढलं.

"कोकिळा, पाणी ठेव."

कोकिळा म्हणजे प्रतीक्षाची आई. सासऱ्यांसमोर तिने कधी तोंड उघडल्याचं मी पाहिलं नव्हतं. ती जागची हलली नाही.

"मामाजी, गॅस संपला."

गॅस संपला नव्हता. आताच चहा झाला होता.

"मंग चूल पेटव."

तेव्हा प्रतीक्षा बोलली. रडत नव्हती. तिचा आवाज अगदी साधा होता.

"आबा, तुमचा गुडघा असाच शेकला होता ना?"

"हाव. त्याच दिवशी."

"असाच रगडला?"

"रगडला तं. दुसऱ्या दिवशी कुस्ती खेळलो म्या."

"मंग थो अजून बरा काऊन नाई झाला?"

महादेवराव उभे होते. उजव्या पायावर भार न देता, जसे ते नेहमीच उभे असतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. मला बाजेवर टाकून त्यांनी टोपी घातली आणि लंगडत बाहेर गेले.

"रुसले," सोजराबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाले असं बोलू नाई."

घरचा फ्रीज उन्हाळ्यापासून बंद आहे, त्यात कांद्याचं बी ठेवलंय. त्यामुळे पाय उशीवर चढवून ठेवण्यापलीकडे आम्ही काही करू शकत नव्हतो. थोड्या वेळाने महादेवराव परतले. दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं आणि त्यातून पाणी टपकत होतं. रसवंतीवरून बर्फाची लादी आणली होती.

"फोडा," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

कोकिळाने वरवंट्याने बर्फ फोडला. मग प्रतीक्षाने माझं बूच काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडात कोणी थंड काही घातलं. मी आखडले. माझ्याभोवती ओला पंचा गुंडाळून मला घोट्यावर ठेवलं. पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, काढायचं, दोन तासांनी पुन्हा. बर्फ नुसता कातडीला लावायचा नाही. मधल्या वेळात रुंद लवचिक पट्टी बांधायची, पण बोटं निळी पडतील इतकी आवळून नाही.

"मंग म्या काय करू?" सोजराबाईंनी विचारलं.

"आजी, तुम्ही पायाखालची उशी धरा. घसरून राह्यली."

त्यांनी धरली. त्या दिवशी पायाळू बाईचा खरोखर उपयोग झाला, हाताने.

पाय टेकवत नव्हता म्हणून दुसऱ्या दिवशी बुलढाण्याला नेऊन पायाचा एक्स-रे फोटो काढला. हाड शाबूत होतं. सूज उतरल्यावर तिने पायाच्या बोटांनी हवेत बाराखडी गिरवली, दाराची चौकट धरून एका पायावर उभी राहिली. मग चालली, मग हळू पळाली.

"आमच्या टायमाले..." महादेवराव सुरू करायचे.

"आबा."

ते थांबायचे.

आज ती ग्राउंडला गेलीय, सकाळच्या एसटीने. मी खुंटीवर आहे. माझं रबर मानेपाशी चिरायला लागलंय, फार दिवस काढीन असं वाटत नाही. म्हणून जाण्याआधी एकदाच सांगते. माझी फार घाई करू नका. पाय मुरगळला की मला आणायला धावणारे लोक पळायच्या आधी चार मिनिटं अंग मोकळं का करत नाहीत, हे मला कधीच कळलं नाही. सूज उतरू द्या. मी तिथेच खुंटीवर असते, कुठे जात नाही. आणि वडीलधाऱ्यांनो, दुखणं थकून जात नाही. ते मुक्कामाला येतं. हवं तर महादेवरावांचा गुडघा बघा.

दुपारी फोन वाजला. महादेवरावांनी स्पीकर लावला.

"आबा, ग्राउंड निघालं. आता लेखी राह्यली."

"हं," ते म्हणाले. "पाय?"

"बरा हाये."

"हं."

सोजराबाई दारातच होत्या. "कसं काय निघालं वो?"

"टायमावर बर्फ लावला ना," महादेवराव म्हणाले. "म्या तं पह्यलेपासूनच सांगून राह्यलो होतो."

आतून कोकिळाने गॅस पेटवल्याचा आवाज आला, कोणी न सांगता. पाणी उकळलं. महादेवरावांनी मला खुंटीवरून काढलं, भरलं, बूच घट्ट केलं आणि बाजेवर बसून चाळीस वर्षं दुखणाऱ्या त्या गुडघ्यावर हळूच ठेवलं.

"चाल," ते मला म्हणाले. "आता तुही पाळी."