खडकावर पोहणारे मासे

साहेब, बुडालेलं माणूस शोधायचं यंत्र तुम्ही आठ महिने बहिरं ठेवलंत. आणि माणूस बुडाल्यावर त्याच यंत्रापुढे नारळ फोडलात. तुमचं नाव मी लिहीत नाही. उद्या त्या खुर्चीत दुसरा बसेल आणि तोही नारळच फोडेल.

तुमच्यापुढे जमलेली ती गर्दी आठवते का? मे महिन्याचं ऊन, धरणाच्या काठावर चारएकशे माणसं, आइस्क्रीमच्या दोन गाड्या, आणि पाण्यात सरकारी होडी. होडीत पाटीएवढा पडदा असलेलं ते यंत्र. परमुलखात त्याच्यावर मासे शोधतात. आपल्याकडे ते प्रेतं शोधायला आलं होतं. यंत्रापुढे मांडी घालून जळनाथ महाराज बसलेले. मागे त्यांचा चेला युवराज. आणि पुढे, पदराचा बोळा तोंडात धरलेली साखराबाई.

सहा दिवसांपूर्वी साखराबाईचा अंगद गाळात रुतलेली म्हैस काढायला पाण्यात उतरला होता. म्हैस संध्याकाळी आपल्या पायानं गोठ्यात आली. अंगद आला नाही. दुसऱ्या दिवशी पाणबुडे आले, पडदा काळा बघून म्हणाले, "एवढ्या पाण्यात नुसत्या हातानं कुठं चाचपडायचं?" एक दिवस बुड्या मारून ते निघून गेले. तळाला बुडालेल्या गावाच्या भिंती आणि बाभळी आहेत. काट्यात अडकलेलं माणूस आपोआप वर येत नाही.

"यंत्र मेलं न्हाई, भक्तांनो! यंत्र रुसलंय!" महाराजांनी आरोळी ठोकली. "सात समुद्रांचा राजा माझ्या कमंडलूत हाय. लोखंडाला बोलकं करीन, काचेला डोळे लावीन!"

"जळनाथ महाराज की जय!"

अंगारा उधळला. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात महाराजांनी बोटभर शेंदूर थापला. मग युवराजनं यंत्रावर भगवं फडकं धरलं. का, तर यंत्राला सोवळं लागतं. फडक्याखाली त्याचे हात बराच वेळ चालले होते. फडकं निघालं आणि पडदा निळाशार उजळला. खाली तळाची तांबडी रेघ, तिच्यावर मासे. एक, दोन, मग थवाच.

काठावरच्या बायांनी हात जोडले. तुम्हीही जोडलेत, साहेब. फोटो आहे.

मग पडद्यावरून एक मोठा मासा संथ सरकत गेला. महाराजांनी साखराबाईचं मनगट धरलं. "ओळखलंस का माय? ह्योच तुझा अंगद. कातडं बदललं, लेकरू तेच. आता त्याला हुडकू नको. जाळं टाकू नको. रोज पिठाच्या गोळ्या सोड आणि दर्शन घे."

साखराबाईनं दोन बोटं काचेवर टेकवली. मासा तिच्या बोटांखालून निघून गेला.

"माझ्याकडं बघितलं न्हाई त्यानं," ती म्हणाली.

एकच माणूस मध्ये बोलला. होडी चालवणारा धुळाजी. "महाराज, माझी काठी चौदा फुटाला तळात टेकतीय. पडद्यावर साठ कावून दाखवायलंय?"

"तुझी काठी पाणी मोजती बे! यंत्र श्रद्धा मोजतंय!"

लोक हसले. तुम्ही टाळी वाजवलीत. आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या कागदावर ओळ आली: 'कुटुंबाचे समाधान झाले असून शोधकार्य थांबविण्यात येत आहे.' खाली साखराबाईचा अंगठा. तिला वाचता येत नाही. तिला सांगितलं होतं की हा दर्शनाचा पास आहे.

आता या यंत्राचं आजारपण सांगतो, कारण तुमच्या कागदावर ते कुठेच नाही.

पडदा हा फक्त डोळा. खरं काम करतो तो होडीच्या मागे पाण्यात बुडालेला साबणाच्या वडीएवढा एक तुकडा. आम्ही त्याला कान म्हणतो. विहिरीत आवाज दिला की तळातून परत येतो ना? तसाच हा कान पाण्यात आवाज सोडतो, परत आलेला ऐकतो, आणि जे ऐकलं ते पडद्यावर उमटतं. मागच्या पोळ्याच्या सुमाराला बुडीत गावातल्या चिंचेच्या फांदीवर होडी घासली आणि कान फुटला.

धुळाजी तो घेऊन तेलगावला सुकन्याकडे गेला. स्टँडसमोर तिचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिनं तार सोलली, तपासली, दोन दिवस झटली. मग म्हणाली, "मामा, तार जोडता येईल, पण आतली चकतीच तडकलीय. ह्याला कथलाचा डाग देऊन भागत न्हाई. नवा कान लागतोय." अर्जही तिनंच लिहून दिला. एक नाही, चार. चौथ्याला तुमचं उत्तर आलं: 'तपासून कळवावे.' काय तपासून, कुणी, कुणाला? ते तुम्हालाच माहीत.

म्हणून चमत्काराची बातमी दुकानात पोचली तेव्हा सुकन्यानं धुळाजीला फोन केला.

"मामा, नवा कान बसवला का?"

"न्हाई गं. तुटकी तार तशीच लोंबायलीय."

"मग ऐकायलंय कोण?"

ती तीन दिवस काठावर येऊन बसली. साखराबाई रोज पिठाच्या गोळ्या घेऊन यायची. घरी शेरडं भुकेली ओरडायची आणि ही इथं पाण्याशी बोलायची. सुकन्या तिच्या शेजारी बसून मोबाईलमधल्या घड्याळात बघायची. काठाला लावलेल्या होडीतल्या पडद्यावर आधी दोन लहान मासे, मग थवा, मग मोठा मासा. बरोबर चार मिनिटांनी पुन्हा तेच. सकाळी तेच, दुपारी तेच.

अंगद बुडाल्याच्या अकराव्या दिवशी धुळाजीनं बॅटरी चार्जिंगचं निमित्त करून पडदा आणि बॅटरी सोडवली आणि डोक्यावर घेऊन गावात आणली. मारुतीच्या पारावर, उन्हानं तापलेल्या दगडावर, सुकन्यानं तारा जोडल्या. मी तिथंच होतो. पाणी मैलभर लांब.

पडदा उजळला. दोन लहान मासे आले. मग थवा. मग मोठा मासा संथपणे दगडावरून पोहत गेला.

पारावर जमलेलं गाव पडद्यावर वाकलं.

"बघा," सुकन्या म्हणाली. "हितं पाणी न्हाई, कान न्हाई. तरी मासा हाय." ओढणीच्या टोकानं तिनं कोपऱ्यातला शेंदूर पुसला. खाली इंग्रजीत चार अक्षरं होती. ती तिनं मोठ्यानं वाचली, "डेमो. म्हंजी देखावा. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला हे आतच भरून ठेवलेलं असतंय, सिनेमावानी. कान जोडलेला नसला की यंत्र सोताच विचारतं, देखावा दाखवू का? हो म्हणून बटण दाबायचं, न्हाईतर पडदा काळाच. युवराज पुण्यात असल्याच यंत्रांच्या दुकानात कामाला होता. इचारा त्याला."

युवराज महाराजांच्या मागे लपला. पडदा गावात नेल्याचं कळून महाराज धापा टाकत आले होते. चेहरा उतरलेला. मला वाटलं, संपलं. आता लोक चपला काढतील.

तेवढ्यात बोअर आटलेला राधाकिशन ओरडला, "आरं पण दगडाखाली मासे दिसायलेत म्हंजी खाली पाणी हाय की! साठ फुटावर! हितंच बोअर घ्या!"

महाराजांनी क्षणही दवडला नाही. "बरोबर वळखलंस लेकरा! पाताळगंगा हाय ती!"

"जळनाथ महाराज की जय!"

साहेब, मी चाळीस वर्षं या गावात राहतो. उन्हाळ्यात घागरीमागे धावणाऱ्या माणसाला पाण्याची आशा दाखवली की तो दगडालाही साक्षीला उभा करतो, हे मला कळतं. पण त्या क्षणी मला माझ्याच गावाची शिसारी आली. सुकन्या घसा बसेपर्यंत सांगत राहिली, "अहो, हे घरात ठेवा, हेच दिसंल. झाडावर टांगा, हेच दिसंल!" कुणी ऐकलं नाही. उलट एक म्हातारा म्हणाला, "पोरीच्या जातीनं शेंदूर पुसला, आता कोप होणार."

तिसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली. साडेसहाशे फूट नुसता फुफाटा उडाला. महाराज म्हणाले, शेंदूर पुसल्याचा हा प्रताप. आता ते नांदूरघाटच्या बाजूला पाणी दाखवत हिंडतात, आणि पडदा त्यांच्याच गाडीत आहे. सरकारी शिक्क्यासकट. कुणी दिला त्यांना?

गर्दीतल्या एकाच माणसाला सगळं कळलं होतं. साखराबाईला. बाकीचे बोअरची जागा आखत होते तेव्हा ती पडद्यासमोर बसून राहिली. मासा दोनदा गेला. तिनं ओच्यातल्या पिठाच्या गोळ्या काढल्या आणि पारावरच्या कुत्र्यापुढे ठेवल्या.

"सुकन्या," ती म्हणाली, "ह्यो अंगद न्हाई."

"न्हाई, माय."

"मग माझा अंगद कुठाय?"

ते सांगायला नवा कान लागत होता.

गावकऱ्यांनो, तुम्हाला एवढंच सांगतो. जे यंत्र दगडावर मासे दाखवतं, ते पाण्यात माणूस दाखवणार नाही. कुणी चमत्कार दाखवला तर तो दुसऱ्या जागी नेऊन बघा. शेंदूर असेल तिथं पुसून बघा. कोप होत नाही. सुकन्याला साधी शिंकही आली नाही.

आणि साहेब, तुम्ही. साखराबाई आता तुमच्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसते. शिपाई तिला उठवतो, ती परत बसते. अंगद अजून पाण्यातच आहे, बाभळीच्या काट्यात की भिंतीच्या आडोशाला, कुणास ठाऊक. तिचा प्रश्न तीन शब्दांचा आहे, आणि तो तपासून कळवायचा नाही, सांगायचा आहे.

अंगद कुठे आहे?