लांबोजीचा लांब खण

लांबोजी गेला तो गाडीतच, आणि गाडीतल्याही त्याच्या सगळ्यात आवडत्या जागी, असं लोक त्याच्या बायकोला समजावून सांगायचे. जणू त्यानं तिचं दुःख पावशेरभर हलकं होणार होतं.

लांबोजी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. उंचीपायी गल्लीनं ते चिकटवलं आणि ते इतकं रुळलं की रागावली म्हणजे त्याची आईसुद्धा त्याच नावानं खेकसायची. धंदा सुतारकामाचा. दुकान नव्हतं, जे होतं नव्हतं ते सगळं एका पांढऱ्या व्हॅनमध्ये. मापं घेणं, कापणं, रंधा मारणं त्याच्याकडे, आणि बिजागऱ्या, कडीकोयंडे, पॉलिश तिच्याकडे. दोघं जोडीनं जायची, जोडीनं यायची. गिऱ्हाइकं तिला सुतारीणबाई म्हणत.

गाडीचं पोट त्यानं स्वतः सजवलं होतं. एक अख्खा हिवाळा त्यात घातला होता. दोन्ही बाजूंना पार छतापर्यंत सरकते खण, प्रत्येकाला बेअरिंगचे चॅनेल, बोटानं ढकललं तरी लोण्यासारखे सरकणारे. पटाश्यांच्या खणात पटाश्यांच्याच आकाराचे खळगे, गुण्याला गुण्याचा, गिरमिटाला गिरमिटाचा. वळणावर खण बाहेर येऊ नयेत म्हणून प्रत्येकाला खटका. आणि खाली, जमिनीलगत, गाडीच्या लांबीचा एकच लांब खण, फळ्या ठेवायला. तो मागच्या दारातून बाहेर ओढायचा.

दुपारी जेवण झालं की लांबोजी त्यातल्या फळ्या काढून बाजूला रचायचा, खण अर्धा बाहेर ओढायचा आणि त्यात आडवा व्हायचा. डोकं आत अंधारात, पोटऱ्या पुढच्या फळीवर टाकलेल्या, मोजे घातलेले पाय रस्त्यावर. येणारेजाणारे हसायचे. हा मात्र घोरत पडलेला.

त्या दुपारी ती एका स्वयंपाकघरातल्या कपाटाची शेवटची बिजागरी बसवत होती. मध्येच एकदा दारात येऊन तिनं पाहिलं, तर पाय दिसले. झोपू दे बिचाऱ्याला, म्हणाली, आणि आत गेली. काम आटोपल्यावर नेहमीसारखी आली आणि त्याच्या पायाचा अंगठा ओढला. अंगठा ओढला की तो झोपेतच लाथ झाडायचा. त्या दिवशी झाडली नाही.

लोकांना वाटलं होतं त्याहून लवकरच ती कामावर निघाली. नावं ठेवणाऱ्यांनी ठेवली. सासूबाई मात्र म्हणाल्या, "घरात बसून भिंतींशी काय बोलणार आहेस? जा. गाडी तरी काढ."

पहिलं काम अगदी साधं होतं. एका कपाटाचं दार चौकटीला घासत होतं, जरासं तासायचं होतं. ती पटाशी आणायला गाडीशी आली आणि दार उघडलं, तर पटाश्यांचा खण चार बोटं पुढे आलेला. खटका लावायचा राहिला असेल, म्हणून तिनं पटाशी घेतली, खण ढकलला, खटका लावला. बाकीचे सगळे जागच्या जागी होते.

दुसऱ्या कामाला स्क्रूचा खण. त्यानंतर रंध्याचा. दरवेळी तोच, जो तिला हवा होता.

मग एकदा एका बाईंचा फोन आला, बिजागरी ढिली झालीय म्हणून. ती पोचली, मागचं दार उघडलं, तर कुलपाच्या हत्यारांचा खण पुढे. बिजागऱ्यांचा ढिम्म. ती चक्रावली. तेवढ्यात बाई धावत खाली आल्या. "अहो सुतारीणबाई, ती बिजागरी राहू द्या! न्हाणीघराचं कुलूप अडकलंय आणि आमचे आजोबा आत आहेत!" तिनं उघड्या खणातली हत्यारं उचलली आणि पळाली. आजोबा सुखरूप निघाले. वर तिलाच म्हणाले, एवढी घाई नव्हती, आत छान गारवा होता.

गाडीत परत आल्यावर ती बराच वेळ दोन्ही बाजूंच्या खणांकडे बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायला लागली. काम कसं झालं, गिऱ्हाईक कसं खडूस होतं, आईंचा गुडघा कसा दुखतोय. तो काही उत्तर देत नव्हता, पण जिवंतपणी तरी कुठे मोठा बोलका होता? हात पुढे करायचा, ती हवं ते हातात ठेवायची. एवढाच त्यांचा संवाद. आता उलटं झालं होतं, इतकंच.

संध्याकाळी घरापुढे गाडी लावली तरी ती खाली उतरेना. सासूबाई खिडकीतून हाका मारायच्या, "अगं, ताट वाढलंय!" ती आलेच म्हणायची आणि तिथेच बसून राहायची. जेवण निम्म्यावर आलं. गालफडं बसली. चेहऱ्यावर मात्र एक समाधान होतं, आणि सासूबाईंना भीती वाटली ती त्या समाधानाची. त्यांनी धाकट्याला बोलावून घेतलं.

धाकटा म्हणजे लांबोजीचा पाठचा भाऊ. फर्निचरच्या कारखान्यात मशीनवर होता. आईनं काय सांगितलं कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यात तो कारखाना सोडून वहिनीच्या शेजारच्या सीटवर येऊन बसला.

"भाऊजी, मला गरज नाही कुणाची," ती म्हणाली.

"मला आहे," तो म्हणाला आणि पट्टा लावला.

माणूस कामसू होता, पण गाडीशी त्याचं जमेना. त्यानं ओढला की कुठलाच खण हलायचा नाही. पाय रोवून दोन्ही हातांनी ओढावं, तर जेमतेम वीतभर यायचा आणि पुन्हा मागे जायचा. वहिनीनं बोट लावलं की तोच खण सुळकन बाहेर. त्यानं चॅनेल पुसले, तेल सोडलं, बेअरिंग फिरवून बघितली. कशातच दोष नव्हता.

"वहिनी, ही गाडी मला ओळखत नाही," तो हसत म्हणाला.

"ओळखते. म्हणूनच उघडत नाही."

ती हसली नव्हती. त्याचंही हसू मग विरलं.

लांब खणाचं आणखी वेगळंच होतं. दुपार झाली की तो आपसूक बाहेर यायला लागला. भरलेल्या फळ्यांसकट, संथ, कुणी आतून पायानं लोटावं तसा. भाऊजी म्हणाले, रस्त्याला उतार असेल. तिनं पाणसळ काढून गाडीच्या जमिनीवर ठेवली. बुडबुडा नेमका मध्यावर थांबला होता. भाऊजींनी तो पाहिला आणि तोंडातला घास कसाबसा गिळला.

एका घरी जिन्याचा कठडा करायचं काम निघालं. फळ्या सगळ्या लागल्या, लांब खण रिकामा झाला. जेवण झाल्यावर भाऊजी कोपऱ्यावरच्या दुकानात खिळे आणायला गेले. ती गाडीच्या मागच्या दारात एकटीच बसली होती. ऊन लख्ख होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिच्या पायांशी खटका वाजला आणि खण बाहेर आला. अर्ध्यावर येऊन थांबला.

ती वाकून बघत राहिली. तळाचं प्लायवूड मधोमध काळसर, गुळगुळीत झालं होतं. त्याच्या पाठीनं. खांदे कुठे यायचे, कंबर कुठे यायची, सगळं कळत होतं.

तिनं चपला काढल्या आणि त्या डागावर आडवी झाली. ती त्याच्यासारखी उंच नव्हती. खणात पुरती मावली, पायांसकट.

खण हलला तेव्हा तिला आश्चर्य वाटलं नाही. आभाळाची पट्टी अरुंद होत गेली, दाराची चौकट सरकली, मग अंधार. पायांकडे खटका लागला. लाकडाचा भुसा, सरस, त्याच्या केसांच्या तेलाचा वास. जागा एकाच माणसाची, पण तिला अडचण होत नव्हती. मानेखाली फळी नव्हती, दंड होता. टाळूवर ऊबदार श्वास येत होता, संथ, जिथे त्याची हनुवटी टेकायची नेमका तिथेच. झोप अशी दाटून आली की अंगातलं हाड न् हाड सैल झालं. किती दिवसांत ती झोपली नव्हती!

बाहेर कुणीतरी हाका मारत होतं. "वहिनी! अहो वहिनी!" दोन घरं सोडून कुणी दुसऱ्याच कुणाला तरी बोलवावं, तशा त्या हाका येत होत्या. चपलांपाशी येऊन पावलं थांबली. "वहिनी, आत आहात का?" तिला ऐकू येत होतं. ओ द्यावीशी वाटत नव्हती.

मग खणाला हिसका बसला. उजेडाची चीर आली, चिरेत बोटं आली. खण वीतभर ओढला गेला आणि होता तिथे परत आला, दाणकन. बोटं मध्येच होती.

भाऊजी जे किंचाळले ते मोठ्या माणसासारखं नव्हतं. झाडावरून पडलेलं पोर किंचाळतं तसं.

त्या आवाजानं तिची झोप खाडकन उतरली. "सोड," ती अंधारात म्हणाली. "अरे सोड त्याला, सख्खा भाऊ आहे तुझा."

श्वास टाळूवर तसाच चालू होता. झोपलेल्या माणसाचा. मग तिला कळलं की त्याचा राग नव्हता, हट्टही नव्हता. तो झोपला होता, आणि झोपेत शेजारच्या माणसाला जवळ ओढतात तसं त्यानं ओढलं होतं.

"मला उठायचंय," ती म्हणाली. "तू झोप. पण मला उठू दे. मला काम आहे रे."

तिनं डोक्यावरच्या फळीला तळवे टेकले आणि जीव खाऊन लोटलं. खण सरकला तो जणू खटका कधी लागलाच नव्हता असा, पार बाहेर. ऊन तिच्या डोळ्यांत घुसलं. भाऊजी रस्त्यावर बसले होते, हात छातीशी धरून, पांढरेफटक.

दोन बोटं मोडली होती. तिनं लाकडाची पातळ चीप लावून ती बांधली आणि गाडी दवाखान्याकडे दामटली. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? "खणात सापडली," भाऊजी म्हणाले. प्लास्टर वाळेपर्यंत दोघं बाकावर बसून राहिली.

"दादा होता आत?" त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं.

"होता."

"मग बाहेर कशाला आलात?"

"तुम्ही बोंबललात म्हणून."

ते हसायला गेले, पण हसू वाटेतच मोडलं. "मला एकदाही आला नाही हो तो," ते म्हणाले. "मी रोज खण ओढायचो, वाटायचं, निदान ढकलून तरी देईल, म्हणजे कळेल की आहे. आज दिलं ढकलून." त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं. "तेही तुमच्यासाठी."

तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या दिवसांत तिनं त्यांना एका शब्दानं विचारलं नव्हतं की भाऊजी, तुमचं कसं चाललंय. आता विचारलं. ते बराच वेळ बोलत होते.

पुढच्या रविवारी सगळे खण तिनं अंगणात काढले. भाऊजी एका हातानं धरायचे, ती स्क्रू काढायची. तेव्हा तिच्या लक्षात आलं की वरच्या रांगेला तिचा हात कधी पोचलाच नव्हता. इतकी वर्षं ती उलट्या खोक्यावर चढून हत्यारं काढत होती, आणि त्यात काही वावगं आहे असं दोघांनाही वाटलं नव्हतं. तिनं पेन्सिल घेतली आणि आपल्या खांद्याच्या उंचीवर नवी खूण केली.

लांब खणाचं काय करायचं, यावर मात्र सगळं अडलं. भाऊजी म्हणाले, जाळून टाकू. सासूबाई दुखरा गुडघा ओढत पायरी उतरून आल्या, कशाबशा खाली बसल्या आणि त्या काळसर डागावर तळहात ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"काप," मग त्या म्हणाल्या. "लाकूड चांगलं आहे."

तिनं करवत लावली. खाली पडणारा भुसा कोमट होता. उन्हानं असेल. तिनं मध्ये कुठे हात थांबवला नाही. एका लांब खणाचे दोन आखूड खण झाले, त्यांना चॅनेल बसले, आणि संध्याकाळपर्यंत गाडी भरून तयार झाली.

दुसऱ्या दिवशी कठड्याचं उरलेलं काम होतं. कोपऱ्याचा काटकोन बघायला गुण्या हवा झाला म्हणून ती गाडीशी आली. सगळे खण बंद होते. एकही पुढे आलेला नव्हता. तिनं हातापाशी होता तो ओढला, त्यात पक्कड. शेजारचा ओढला, त्यात गिरमिटं. काल तिनंच तर सगळं लावलं होतं, पण आठवेना. एकेक करत ती सगळेच ओढत गेली, आणि मध्येच कधीतरी गाडीच्या जमिनीवर बसून रडायला लागली, मोठमोठ्यानं, नाक पुसायचंही भान न राहता. तो गेल्यापासून ती रडलीच नव्हती. रडायचं कशाला, तो होताच की.

"वहिनी, सापडला का?" वरून भाऊजींची हाक आली.

"शोधतेय!" तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुढचा खण ओढला.