चार बोटांची फट

“धर्मा, फळी पुरी टाक खाली. भातान खारं शिरलं तं वरीसभर काय खाशील, जिताड्याची पोरं?”

गोटीरामशेट बांधावर उभे होते. बांधाच्या आतली निम्मी भातशेती त्यांची. भाद्रपदातल्या पौर्णिमेची भरती चढू लागली की ते हटकून येत. मी उघाडीच्या कडेला बसलो होतो. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्याकडे मातीचा बांध असतो आणि त्या बांधात लाकडी फळीचं दार. त्यालाच आम्ही उघाडी म्हणतो. भरतीला फळी टाकायची, ओहोटीला उचलून आतलं पावसाचं पाणी सोडायचं. हे काम मी बावीस वर्षं करत होतो.

“चार बोटं ठेवतो, शेट. दरसाल ठेवतो.”

“दरसाल बायजा उरावर बसायची म्हनून ठेवायचास. आता कोन बसलाय?”

मी फळीवर बोटं ठेवून मोजली. माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाले, “बग बाबा. पन चार म्हंजे चार. पाच नको.”

ही चार बोटांची फट बायजाची, माझ्या बायकोची. भाद्रपद-आश्विनातल्या उधाणांना जिताड्याची, आमच्या खाडीतल्या त्या मोठ्या चवदार माशाची, पिल्लं गोड्या पाण्याच्या ओढीनं बांधापाशी येतात. नखाएवढी असतात. ती फटीतून आत यायची तेव्हा बायजा आतल्या बाजूला जुन्या लुगड्याचं फडकं धरून गुडघाभर चिखलात उभी असायची. पिल्लं मडक्यात घ्यायची आणि मडक्यात रोज थोडं थोडं तळ्याचं पाणी मिसळायचं. एकदम गोड्या पाण्यात टाकली तर मरतात. किती मिसळायचं ते ती जिभेवर थेंब ठेवून ठरवायची. चौथ्या दिवशी पिल्लं गावच्या तळ्यात जायची. दोन-तीन वर्षांत त्यांचा हातभर जिताडा व्हायचा. गावात लग्न असो की कोणाचा जावई यायचा असो, जिताडा त्या तळ्यातलाच.

मी तिला एकदा विचारलं होतं, तळ्यात एवढे मोठे जिताडे आहेत, मग तिथंच पिल्लं का होत नाहीत?

“गोड्या पान्यान ते खातान, वाढतान,” ती म्हणाली. “पोरां नाय व्हत. पोरांना खारं लागतं. तिकडं खाडीच्या तोंडाला जावं लागतं.”

तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

पावणे गावाच्या बाजूला रंगाचा कारखाना सुरू होऊन चार वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी बायजाची तीन मडकी भरली. दुसऱ्या वर्षी एक. तिसऱ्या वर्षी मडक्याच्या तळाशी चिमूटभर पिल्लं होती, आणि तीही दोन दिवसांत गेली. गेल्या वर्षी श्रावणात बायजाच गेली. ताप डोक्यात गेला, सहा दिवसांत संपलं. त्या भाद्रपदात मी उघाडीवर फिरकलोच नाही. दुसऱ्या कोणी तरी फळी पुरी टाकली आणि तशीच ठेवली.

आता तळ्यात सात-आठ मोठे जिताडे उरले होते. यंदा पिल्लं मिळाली नाहीत तर पुढच्या लग्नसराईत तळं रिकामं होणार होतं. बायजानं केलेलं, गावाला दिसेल असं, दुसरं काही नव्हतं.

मी यंदाच्या श्रावणापासून तंबाखू सोडली होती. तिच्यासारखी जीभ मला येणार नव्हती, पण निदान खारं आणि गोडं कळावं.

शेट गेल्यावर भरती फळीला लागली तसा कारखान्याच्या पाण्याचा उग्र वास आला. मी ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं. खारट लागायच्या आधी कडू लागलं. फडक्यात बोयटाचे दोन मासे आले, तेही पोट वर करून. मी फळी पुरी टाकली आणि घरी आलो. तोंडाचा कडूपणा संध्याकाळपर्यंत गेला नाही.

अविधवा नवमीला कान्हा घरी आला. कान्हा माझा एकुलता मुलगा, सव्वीस वर्षांचा. त्याच रंगाच्या कारखान्यात नोकरीला, तिथल्याच चाळीत राहायचा. माझी भावजय यशोदाबाई हिनं वडे आणि खीर केली होती. बायजाच्या नावाचं पान कौलावर ठेवलं, आणि आम्ही मागं फिरतो न फिरतो तोच कावळा शिवला.

“आयला घाई हाय,” कान्हा म्हणाला. “जिती असताना सगल्यांच्या मागून जेवायची. आता पयला नंबर.”

यशोदाबाई हसली आणि पदरानं डोळे पुसले.

जेवण झाल्यावर मी त्याला विचारलं, “ते पानी कवा सोडतात?”

“कंचं पानी?”

“येड्याचं सोंग घेऊ नको.”

तो हात धूत होता. धुऊन झाले तरी धूत राहिला. “उधानाला. भरतीनं नाल्याचं तोंड पान्याखाली गेलं का सोडायचं. कोनाला दिसत नाय.”

“सोडतं कोन?”

“माजी पाली असली का चावी मीच फिरवतो.”

हे मला माहीत नव्हतं. मी उघाडीवर बसायचो आणि त्याच भरतीला माझा मुलगा तिकडे त्या घाण पाण्याची चावी फिरवायचा. मला राग यायला हवा होता. पण मी दमलो होतो. मी एवढंच विचारलं, “अवसेला कोनाची पाली?”

“माजीच.”

“एक भरती थांबव. दोन तास. पिल्लं येऊन जाऊ दे.”

“नोकरी जाईल, बाबा.”

“तुजी आय...”

“आयचं नाव घेऊ नका,” तो म्हणाला. “नाव घेतलं का मना नाय म्हनता येत नाय.”

हो किंवा नाही न सांगताच तो गेला.

सर्वपित्रीला भर दुपारी भरती होती. पाणी चढू लागलं. मी वासाची वाट पाहत होतो. वास आला नाही. मी पाणी जिभेला लावलं. पुन्हा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. नुसतं खारं होतं, आमच्या लहानपणी असायचं तसं. कान्हानं चावी फिरवली नव्हती.

मी चार बोटं मोजून फट ठेवली आणि फडकं धरून चिखलात उभा राहिलो. कोळंबी आली. चिखलातली निवटी मासळी आली, शेवाळ आलं. मी प्रत्येक वेळी फडकं उलगडून बोटानं चाळून पाहिलं. जिताड्याचं एकही पिल्लू नव्हतं. थोडा वेळ वाटलं, मागून येतील. मग भरती थांबली. पाणी काही वेळ नुसतं उभं राहिलं आणि मागं सरू लागलं. मी फळी उचलली.

यशोदाबाई मासळीची पाटी घेऊन बांधावरून येत होती. ती वाशीच्या धक्क्यावरून माल घेऊन गावोगाव विकायची. मला पाहून थांबली.

“भावोजी, घावली का?”

“नाय. पानी चांगलं व्हतं, तरी नाय.”

तिनं पाटी उतरवली. एक जिताडा बाहेर काढला, चांगला दोन हात लांबीचा, आणि कोयतीनं तिथंच त्याचं पोट फाडलं. “ही खाडीच्या तोंडाची मादी. आता या दिसांत हिचं पोट मोकलं पायजे. बगा.”

पोटात अंड्यांची गाबोळी होती. पण गाबोळीसारखी पिवळी, मऊ नव्हती. काळपट आणि घट्ट होती. मी बोटानं दाबली, दबली नाही.

“सोडलीच नाय तिनं,” यशोदाबाई म्हणाली. “पान्यान काय तरी वंगाळ असलं का मादी अंडी धरून ठेवते. आज सोडू, उद्या सोडू. मंग ती आतल्या आत सुकतात. बऱ्याच माद्या आता आशाच घावतान.”

“कवापासून?”

“दोन वर्सां झाली.”

“मना बोललीस नाय.”

“बोलनार व्हते. पन तुमी तंबाखू सोडलीत. मंग कसं सांगू?”

म्हणजे एक भरती थांबवून काही होणार नव्हतं. आज आत येणारी पिल्लं महिनाभरापूर्वीच जन्मायला हवी होती. ती कुठेच नव्हती.

मी मडकं खाडीच्या पाण्यानं भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि घरी आणून पडवीत ठेवलं. का भरलं ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

दिवस मावळताना कान्हा आला. अंगावर कारखान्याचेच कपडे होते, हाताला काळं लागलेलं.

“चावी गंजली म्हनून सांगितलं,” तो म्हणाला. “दोन तास पाना मारत बसलो. सायेब आला नि बगतो तं पाना उलटा लावलेला.” तो हसला आणि हाताचं काळं कपड्याला पुसू लागला. “आठ दिस घरी बस म्हनाला. पुढचं मंग बगू म्हनाला.” मग त्याला मडकं दिसलं. “आली?”

“आली,” मी म्हणालो.

“बगू दे.”

“नको. बुजतात.”

तो मडक्यापाशी उकिडवा बसला. हात लावला नाही. “आय असती तं नाचली असती,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळ्यावरून तांब्याभर पाणी आणलं आणि फडक्यावरूनच मडक्यात ओतलं. कान्हा शेजारी बसून बघत होता. मी मडकं कलतं करून फडक्यातून ठिबकलेला थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. त्यानंही लावला.

“अजून खारं हाय,” तो म्हणाला.

“हाय.”

तीन दिवस आम्ही असं केलं. तिसऱ्या दिवशी पाणी किती घालायचं ते त्यानंच ठरवलं. मी त्याला खरं सांगायचं ठरवायचो आणि त्याचा चेहरा पाहून पुन्हा तांब्या उचलायचो.

चौथ्या दिवशी मडकं त्यानंच उचललं. मी मागून चाललो. गोटीरामशेट ओट्यावर बसले होते.

“काय रं, घावली का पोरां?”

“घावली, शेट,” कान्हा चालता चालता म्हणाला.

“आयचा हात हाय पोराला,” शेट मला म्हणाले. मी मान हलवली.

तळ्याच्या खालच्या पायरीवर कान्हा बसला. त्यानं मडकं पाण्यावर कलतं धरलं. मला वाटलं आता तो फडकं सोडेल. त्यानं सोडलं नाही. उलट तोंडाभोवती मुठीत घट्ट धरलं, आणि पाणी फडक्यातून गळत थोडं थोडं तळ्यात पडू लागलं. त्या फडक्यातून नखाएवढं पिल्लूही गेलं नसतं. मडकं हलकं होईपर्यंत तो तसाच बसून होता. मग त्यानं मडकं विसळलं आणि पायरीवर पालथं ठेवलं.

मी वरच्या पायरीवर उभा होतो. तो पाण्याकडे बघत होता.

“खाली गेली सगली,” तो म्हणाला.

“जातात,” मी म्हणालो. “लगेच जातात.”